विश्लेषण : गुटख्यावर बंदी, मग वऱ्हाडातला खर्रा सुटत का नाही?

महाराष्ट्रात गुटखाबंदी लागू झाली ती जुलै २०१२ मध्ये. तेव्हापासून बंदीचा आदेश दरवर्षी नव्याने निघतो, ट्रक पकडले जातात, जप्त मालाची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. तरीही अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या टॉवर चौकापर्यंत आणि तिथून पुढे कुठल्याही गावच्या बसथांब्यापर्यंत पानठेल्यावर खर्रा घोटण्याचा आवाज येतच असतो. तंबाखू नियंत्रणाचे बहुतेक उपाय सिगारेटचे पाकीट आणि गुटख्याची पुडी डोळ्यांसमोर ठेवून आखले गेले. वऱ्हाडात मात्र बरीचशी तंबाखू गिऱ्हाइकासमोर तयार होते. तिला कंपनी नाही, छापील किंमत नाही आणि इशाऱ्याचे चित्रही नाही.

खर्रा म्हणजे नेमके काय?

बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर, म्हणजे प्लास्टिकच्या कागदावर घ्यायचा आणि तळहाताने जोर लावून घोटायचा. चुना सुपारीत मुरला, मिश्रण ओलसर झाले की त्याच पन्नीची पुडी वळायची. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात जवळपास याच प्रकाराला मावा म्हणतात. पुडी एकाच्या नावाची असली तरी ती चौघांत फिरते. पाहुण्याला पाणी विचारावे तसा खर्रा विचारला जातो आणि नको म्हणणाऱ्यालाच कारण द्यावे लागते. व्यसनमुक्तीच्या पत्रकांत ही गोष्ट सहसा येत नाही, पण सुरुवात बहुधा इथूनच होते.

चुना केवळ चवीसाठी नसतो. त्याने तोंडातील मिश्रण अल्कधर्मी होते. अशा स्थितीत निकोटिन गालाच्या आतील नाजूक अस्तरातून लवकर रक्तात जाते. घास गालात धरून ठेवायचा असल्याने हा पुरवठा बराच वेळ सुरू राहतो. काही वेळाने तलफ पुन्हा येते आणि दिवसाला दोनाच्या चार पुड्या कधी झाल्या, हे खाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दिवसाकाठी ४० रुपये यावर जातात असे धरले, तरी वर्षाचे १४ हजार ६०० रुपये होतात.

राज्याची आकडेवारी काय सांगते?

‘ग्लोबल अॅडल्ट टोबॅको सर्व्हे’ या पाहणीच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करत असल्याचे आढळले. २००९-१० मध्ये हे प्रमाण ३१.४ टक्के होते, म्हणजे सात वर्षांत घट झाली. पण ही घट नीट उलगडून पाहायला हवी. धूम्रपान ६.६ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले, जवळपास निम्म्यावर. धूरविरहित तंबाखूचे प्रमाण २७.६ टक्क्यांवरून २४.४ टक्क्यांपर्यंतच उतरले. राज्यात तंबाखू सेवन करणाऱ्या दर दहा जणांपैकी नऊ जण ती खातात किंवा दाता-हिरड्यांना लावतात. तंबाखूविरोधी फलकांवर मात्र अजूनही जळती सिगारेटच जास्त दिसते.

स्त्रियांच्या बाबतीत हा फरक अधिकच ठळक आहे. राज्यातील १.४ टक्के स्त्रिया धूम्रपान करतात, तर १६.६ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरतात. मिश्री, तपकीर, नस, गुडाखू अशी तिची रूपे आहेत. अनेक घरांत तिला व्यसन न म्हणता दात घासण्याची सवय म्हणतात. निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलेल्या बायका भूक मारायला तंबाखूची चिमूट तोंडात धरतात. त्यांच्यापर्यंत पानठेल्यावरची कारवाई पोहोचण्याचा प्रश्नच नाही.

कोवळ्या वयाचे चित्र वर्धा जिल्ह्यातील एका अभ्यासात दिसले होते. तेथील ग्रामीण किशोरवयीनांचा हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मागील ३० दिवसांत तंबाखूजन्य पदार्थ खाल्ल्याचे ६८.३ टक्के मुलांनी आणि १२.४ टक्के मुलींनी सांगितले होते. मुलांमध्ये गुटखा पहिल्या क्रमांकावर होता, त्याखालोखाल खर्रा. हा अभ्यास गुटखाबंदीच्या आधीचा आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा लागतो. पण अमरावती, अकोल्याच्या शिक्षकांना तो परका वाटणार नाही.

बंदी आहे, तर विक्री कशी होते?

या बंदीचा इतिहास वळणावळणाचा आहे. महाराष्ट्राने गुटख्यावर पहिल्यांदा बंदी घातली ती २००२ मध्ये, पाच वर्षांसाठी. गुटखा उत्पादक न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अशा प्रकारे कायमस्वरूपी बंदी घालण्याचा अधिकार राज्याच्या अन्न यंत्रणेला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला. त्याखालील २०११ च्या नियमांत, कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून वापरता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. या नियमाच्या आधारे मध्य प्रदेशने एप्रिल २०१२ मध्ये आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत बंदी आणली. महाराष्ट्राची बंदी अधिक व्यापक होती. तिने गुटख्याबरोबर पानमसालाही रोखला आणि २०१३ पासून सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, तसेच खर्रा, मावा अशा मिश्रणांनाही कक्षेत घेतले.

मग अडते कुठे? साधी सुपारी विकायला मनाई नाही. चुना विकायला नाही. सुगंध नसलेली तंबाखूही, इशारा छापलेल्या पाकिटात, कायदेशीरच आहे. पानठेल्यावर या तीन वस्तू वेगवेगळ्या असतात तोवर गुन्हा नाही आणि पन्नीवर एकत्र घोटल्या की बंदी लागू होते. तपासणीला अधिकारी येईपर्यंत घोटलेला खर्रा गिऱ्हाइकाच्या गालात गेलेला असतो. म्हणून कारवाई होते ती मुख्यतः सुगंधित तंबाखूच्या आणि गुटख्याच्या साठ्यांवर. अमरावती जिल्ह्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला लागून आहे. वरुड, परतवाडा, धारणी या बाजूंनी रस्ते पलीकडे जातात. राज्याबाहेर पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या शेजारी शेजारी लटकावून विकण्याची युक्ती जुनी आहे. गिऱ्हाइकाने दोन्ही एकत्र केल्या की गुटखा तयार. त्या नियमातून निसटलेला माल सीमा ओलांडली की बंदीचा माल ठरतो आणि त्याची किंमतही वाढते.

शिक्षेच्या कलमांवरही वाद झाले. अन्न सुरक्षा कायद्याबरोबर भारतीय दंडविधानातील कलम ३२८, म्हणजे विषारी पदार्थाने इजा करणे, लावता येते का, हा प्रश्न महाराष्ट्रातील प्रकरणांतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. अन्न सुरक्षा कायदा आहे म्हणून दंडविधानाखालील कारवाई आपोआप बाद होत नाही, असे न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये म्हटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात भेसळीच्या कलमांपुरता याच न्यायालयाचा कौल निराळा आला. तिथे अन्न सुरक्षा कायदाच वरचढ ठरला. जुन्या कलम ३२८ ची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ ने घेतली आहे आणि त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. कागदावर ही तरतूद जबर दिसते. प्रत्यक्षात तिच्यात अडकतो तो बहुधा चालक किंवा छोटा विक्रेता. माल कुणाचा, हा प्रश्न अनेकदा तपासाच्या कागदांतच राहतो.

बंदी दरवर्षी नव्याने काढावी लागते, कारण आयुक्तांना कायद्याने एका वेळी एक वर्षाचाच अधिकार दिला आहे. ‘तात्पुरती’ बंदी किती वर्षे तात्पुरती राहू शकते, हा प्रश्न अन्य राज्यांत न्यायालयांपुढे आलेला आहे. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूची बंदी रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने नंतर त्या निकालाला स्थगिती दिली.

पाकिटावरचे चित्र पन्नीवर का नाही?

एप्रिल २०१६ पासून देशात तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापणे बंधनकारक आहे. त्याचा परिणाम होतो. २०१६-१७ च्या पाहणीत देशातील ६१.९ टक्के सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि ४६.२ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांनी, पाकिटावरील इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आल्याचे सांगितले. खर्रा खाणाऱ्याच्या हाती मात्र कोरी पन्नी येते. मूळ तंबाखूच्या डब्यावर चित्र असेल तर ते दुकानदारापुरते. कर वाढवून किंमत चढवायची, हा जगभर सर्वात परिणामकारक मानला गेलेला उपायही इथे बोथट होतो. पानठेलेवाला पुडीतली तंबाखू थोडी कमी करतो, सुपारी थोडी वाढवतो आणि भाव तोच ठेवतो.

गंमत म्हणजे ही पन्नीच नियमात बसत नाही. गुटखा, तंबाखू, पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकण्यास केंद्राच्या प्लास्टिक कचरा नियमांनी मनाई केली आहे आणि पातळ प्लास्टिकवर राज्याची २०१८ पासूनची बंदी आहे. म्हणजे घोटलेला खर्रा आतूनही बेकायदा आणि बाहेरूनही. नाल्या तुंबल्या की महापालिकेला या पन्न्या दिसतात. पण पन्नीसाठी एक खाते, सुपारीसाठी दुसरे, तंबाखूसाठी तिसरे अशी वाटणी असल्याने एकाच पुडीकडे तिघे तीन दिशांनी पाहतात.

तोंड उघडेनासे का होते?

खर्ऱ्याच्या चर्चेत सगळा दोष तंबाखूवर जातो आणि सुपारी सुटते. खरे तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखू सोबत नसली तरी, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. सुपारीतील अॅरेकोलिन या घटकामुळे गालाच्या आतल्या थरात तंतुमय ऊती साचत जातात आणि त्यांचा निचरा मंदावतो. मऊ गाल हळूहळू चिवट, पांढुरका पट्टा होतो. वैद्यकीय भाषेत याला ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात. सुरुवातीला तिखट सोसवत नाही, जेवताना तोंडाची आग होते. वऱ्हाडात ठेच्याचा घास नकोसा होऊ लागला, तर ती साधी गोष्ट समजू नये. पुढे जांभई देताना जबडा अडतो. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे पाहणे ही घरच्या घरी करता येणारी चाचणी आहे. तीन जात नसतील तर दंतवैद्यांना दाखवावे. दोनही जात नसतील तर लांबणीवर टाकू नये.

हा आजार म्हणजे कर्करोग नव्हे आणि प्रत्येकाचा तो कर्करोगात बदलतोच असेही नाही. पण ती कर्करोगपूर्व स्थिती आहे. गालाचा गेलेला मऊपणा पूर्णपणे परत येत नाही. तंबाखू सोडून ‘नुसती गोड सुपारी’ खाणारे अनेक जण स्वतःला सुटलेले समजतात. त्यांचा हा समज महागात पडू शकतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात आणि पुरुषांत हा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. अमरावती, अकोल्यातून असे अनेक रुग्ण मोठ्या उपचारांसाठी नागपूरची वाट धरतात. तेथील प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला नाव आहे ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे, म्हणजे अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या आणि गावोगाव व्यसनाविरुद्ध बोलत फिरलेल्या माणसाचे. शासकीय आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या नातेवाइकाचे राहणे-खाणे आणि महिनोन्महिन्यांच्या खेपा यांचा हिशेब कुठल्याच योजनेत नसतो.

शाळेभोवतीची पिवळी रेषा काय आहे?

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरमध्ये, तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. १८ वर्षांखालील मुलांना तर ते कुठेच विकता येत नाहीत. केंद्राच्या ‘तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था’ मार्गदर्शक सूचनांनी या अंतरावर रस्त्यावर पिवळी रेषा आखायला सांगितले आहे. कल्पना चांगली आहे, कारण अंतर डोळ्यांना दिसते आणि वाद मिटतो. पण या कायद्यात दंड आहे २०० रुपयांपर्यंत, म्हणजे चार-पाच खर्ऱ्यांचे पैसे. त्यापेक्षा कडक तरतूद बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद पालकांनाही क्वचितच ठाऊक असते. अनेक घरांत खर्रा आणायला मुलालाच पाठवले जाते आणि पुडी पहिल्यांदा उघडली जाते ती त्या वाटेवर. शाळा तंबाखूमुक्त झाल्याचा फलक लागतो, पण शिक्षकाच्या खिशात पुडी असेल तर विद्यार्थी फलक वाचत नाहीत, खिसा पाहतात.

गावपातळीवर तपासणी कशी होते आणि कोण सुटते?

इथे सरकारी यंत्रणा कागदावर तरी बरीच पुढे आहे. आशा कार्यकर्ती ३० वर्षांवरील प्रत्येकाचा ‘सीबॅक’ नावाचा अर्ज भरते. त्यात तंबाखू रोज खाणाऱ्याला दोन गुण मिळतात. वय, कंबरेचा घेर, व्यायाम, दारू, घरातील आजार यांचे गुण त्यात मिळवून बेरीज चारच्या वर गेली, तर त्या व्यक्तीची तपासणी आधी व्हायला हवी. तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा तोंडात आहे का, असे थेट प्रश्नही या अर्जात आहेत. पुढे आरोग्य केंद्रात विजेरीच्या उजेडात तोंड पाहायचे आणि शंका आली तर दंतशल्यचिकित्सकाकडे पाठवायचे. ही तपासणी पाच वर्षांतून एकदा अपेक्षित आहे.

यातील ३० वर्षांची अट वऱ्हाडासाठी अडचणीची आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी खर्रा सुरू केलेल्या मुलाचा जबडा विशी-पंचविशीतच आखडू शकतो. तेव्हा तो कुठल्याच यादीत नसतो. तिशी ओलांडून यादीत येतो तेव्हा दहा-पंधरा वर्षांचा खर्रा झालेला असतो. महाविद्यालये, आयटीआय, पोलीस भरतीची तयारी करणारी मैदाने, कापूस बाजार अशा ठिकाणी तोंडाची तपासणी नेली, तर हे वय हाती लागेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. विजेरी आणि हातमोजे पुरतात. अमरावतीत दंत महाविद्यालय आहे, अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मनुष्यबळ अगदीच नाही असे नाही.

दुसरी उणीव डॉक्टरांच्या टेबलावर आहे. २०१६-१७ च्या पाहणीत, वर्षभरात डॉक्टरांकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना सोडण्याचा सल्ला मिळाला होता. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते. ताप, खोकला, बीपीसाठी आलेल्या माणसाला ‘खर्रा खाता का?’ एवढे विचारायला अर्धा मिनिट लागतो.

गडचिरोलीत वेगळे काय झाले?

विदर्भातच, खर्ऱ्याच्या आणखी घट्ट पकडीत असलेल्या गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू झाला. डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांचा तो संयुक्त प्रयत्न आहे. गावात विक्री बंद करायची की नाही हे गावाने बसून ठरवायचे, अंमलबजावणीवर गावाच्या संघटनेने लक्ष ठेवायचे आणि सोडू इच्छिणाऱ्यांसाठी उपचार शिबिरे घ्यायची, अशी त्याची रचना आहे. हे जसेच्या तसे वऱ्हाडात उतरेल असे नाही. मेळघाटातील कोरकू गावांत ग्रामसभेचा शब्द चालू शकतो, पण अकोला शहराच्या वस्तीत शेजारच्या गल्लीत दुसरा ठेला असतोच. शिवाय पानठेला हे अनेक घरांचे पोट आहे. तो बंद करा म्हणताना पर्यायी विक्रीचा विचार नसेल, तर ठेला चार दिवसांनी मागच्या दाराने सुरू होतो.

खर्रा सोडायचा असेल तर…

केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून सुरू असून तेथे मराठीतूनही समुपदेशन मिळते. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यास मोबाइलवर सल्ल्याचे संदेश येऊ लागतात. जिल्हा रुग्णालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रांतही समुपदेशन होते. पहिले तीन-चार दिवस सर्वात अवघड जातात. चिडचिड, डोके जड होणे, झोप नीट न लागणे, बद्धकोष्ठता अशा तक्रारी होतात आणि बहुतेकांत त्या दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची एक लाट काही मिनिटेच टिकते. तेवढ्यापुरते हाताला आणि तोंडाला दुसरे काम द्यायचे. बडीशेप किंवा भाजलेले जवस चालते, सुपारी चालत नाही.

निकोटिनची उपचार-उत्पादने २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. दोन मिलिग्रॅमची निकोटिन गोळी औषधदुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, पण किती दिवस आणि किती घ्यायची हे विचारून घेतलेले बरे. ज्यांचा जबडा आखडला आहे त्यांना ती चघळणे जमत नाही. त्यांच्यासाठी त्वचेवर लावायची पट्टी डॉक्टर सुचवू शकतात. अशा रुग्णांचे तोंड उघडण्याचे व्यायाम दंतवैद्य शिकवतात. आइसक्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांमध्ये धरायची, काही वेळ तशीच ठेवायची आणि जमेल तशी आणखी एक काडी सरकवायची. खर्रा सुरूच असेल तर या व्यायामाचा फारसा उपयोग होत नाही. तो थांबला असेल, तर काही महिन्यांत चवड एक-दोन काड्यांनी उंच होऊ शकते आणि भाकरीचा तुकडा पुन्हा नीट तोंडात जाऊ लागतो.